दादाने दाबून पाहिलेली खुर्ची

आमचा दादा सोफे करायचा. नवे करायचा, जुने उसवून परत भरायचा. चाळीस वर्षं तेच काम. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे शटर, मागे राहायच्या दोन खोल्या. पुढे दादा पट्टे ताणायचा आणि तोंडात खिळे धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं कुणाला पहिल्या झटक्यात कळलं असं कधी झालं नाही. मागे वहिनी मशीनवर कव्हरं शिवायची. निम्मा संसार त्या दोघांनी भिंतीतून ओरडूनच केला.

"अगं, कडांचं झालं का?"

"झालं की! चारदा सांगितलं! खिळे काढा तोंडातले, मग कानात जाईल!"

दादाला जाऊन आता चार महिने झाले. येणारे लोक म्हणतात, माणूस देवमाणूस होता. देवमाणूस वगैरे काही नव्हता. हट्टी होता. एकदा डोक्यात काही बसलं की बसलं, मग ब्रह्मदेव आला तरी हलायचं नाही. पण हाताला जादू होती, आणि अंगठ्याला तर फारच.

त्याचं असं होतं, खुर्ची दिसली की दादा आधी अंगठ्याने दाबणार. माणूस काय बोलतो ते नंतर. कुठे फोम बसलाय, कुठे कापडाची लव मोडलीय, कुठली कड खचलीय, एवढ्यावरून तो घरातलं सगळं सांगायचा. एका वकिलाच्या ऑफिसातल्या खुर्च्या आल्या, सगळ्या पुढच्या कडेला चेपलेल्या. दादा म्हणाला, "इथे कुणी टेकून बसत नाही हो. सगळे घाबरून टोकावर बसतात." वकील हसला, पण दुसऱ्या दिवशी खुर्च्या बदलून मऊ करा म्हणाला. एका बाईंना विचारलं, "तुमच्या सासऱ्यांचं उजवीकडचं कंबरेखाली काही दुखतं का?" बाई म्हणाल्या, छे, ठणठणीत आहेत. दोन महिन्यांनी त्या सासऱ्यांचा खुबा बदलायला लागला. बाई स्वतः दुकानात येऊन सांगून गेल्या. तेव्हापासून दादा जरा जास्तच चढला. "माणूस खोटं बोलतो, खुर्ची बोलत नाही," हे त्याचं पालुपद.

आणि जमिनीवर बसणं म्हणजे त्याला विटाळ. त्याला कारण आहे. लहानपणी आमच्या घरात बसायला काही म्हणजे काही नव्हतं. कुणी आलं की आई पोतं झटकून टाकायची, आणि येणारा म्हणायचा, राहू द्या, मी उभाच बरा. ते ऐकून दादाचं तोंड लालेलाल व्हायचं. मोठा झाल्यावर घर लहान होतं तरी त्याने बाहेरच्या खोलीत तिघांचा सोफा केला, स्वतःच्या हाताने, आत काथ्या, वर चांगला फोम, आणि घरात कुणाला जमिनीवर टेकू द्यायचा नाही. बारकी रांगती असताना खाली बसली तरी उचलून सोफ्यावर ठेवायचा. वहिनी म्हणायची, "अहो, बाळ आहे ते, पाहुणा नाही."

बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बारकी, पुढे उंच झाली तरी नाव तेच राहिलं. हुशार निघाली. तिला त्या टेकडीवरच्या कॉलेजात जागा मिळाली. लहानसं कॉलेज, सगळी मिळून चारशे पोरं, सगळी तिथेच राहणारी. तिथे म्हणे एकच एक विषय नसतो. सकाळी गणित, दुपारी गाणं, संध्याकाळी माणूस जगतो कशासाठी त्याच्यावर चर्चा.

शेजारचा नळदुरुस्तीवाला दादाचा जुना दोस्त. त्याने विचारलं, "म्हणजे पोरगी शेवटी होणार काय?"

"सगळं थोडं थोडं शिकवतात," दादा म्हणाला.

"म्हणजे किराणा दुकान म्हण की."

दादा हसला, पण रात्री वहिनीला म्हणाला, खरंच गं, होणार काय ती? वहिनी म्हणाली, होईल ते होईल, तुम्ही झोपा.

दर रविवारी बारकीचा फोन यायचा. काय गं, जेवलीस का, हो जेवले. एकटी नाही ना पडत? छे गं आई, माझ्या खोलीत नुसती गर्दी असते, हाकलून द्यावं लागतं एकेकाला. वहिनीला ते ऐकून इतकं बरं वाटायचं की फोन ठेवल्यावरही ती थोडा वेळ हसत बसायची.

पहिल्या वर्षी पालकांच्या दिवसाला कामामुळे जाता आलं नाही. दुसऱ्या वर्षी दोघं गेले. दादाने कोट घातला होता. सभागृहात एकेका आईबापाला विचारत होते, तुम्हाला इथलं मुलांचं जीवन कसं वाटलं? एक बाई उठून म्हणाल्या, आमचा मुलगा आता घरी आला की प्रत्येक गोष्टीला 'का' विचारतो, फार त्रास होतो, पण चांगलं आहे. एक बाप म्हणाला, माझी मुलगी तिसऱ्यांदा विषय बदलतेय, मी आता मोजत नाही. सगळे हसत होते. मग प्रत्येकाला कार्ड दिलं, त्यावर आपलं मत लिहायचं. वहिनीने लिहिलं, पोरगी अंगाने भरली, छान वाटलं. दादाने पाच मिनिटं पेन चावलं आणि लिहिलं, इथल्या खुर्च्यांचा फोम चांगला आहे, दहा वर्षं हलणार नाही. प्राचार्यबाईंनी काही कार्डं मोठ्याने वाचली, त्यात हे निघालं. सभागृह खदखदून हसलं. मागे मुलांचा घोळका होता, तो तर टाळ्या वाजवायला लागला. बारकीही त्यांच्यात हसत होती, पण दादाने तिचे लाल झालेले कान तेवढे बघितले. त्याला वाटलं, आपल्यामुळे पोरीचं हसं झालं.

मग बारकीने खोली दाखवली. पलंग, टेबल, खिडकी, जमिनीवर जुना गालिचा. आणि दोन खुर्च्या. एक टेबलाची आणि एक बसकी, हात असलेली, पाहुण्यांसाठी कॉलेजने दिलेली. बारकी पाणी आणायला गेली आणि दादाने अंगठा लावला. टेबलाची खुर्ची बरोबर मधोमध बसलेली, एकाच माणसाची. मग पाहुण्यांची दाबली. अंगठा उचलला तशी गादी फुगून वर आली. लव जशीच्या तशी उभी. उशी उलटी केली तर खाली बनवणाऱ्याची खडूची खूण अजून होती. दोन वर्षांत त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.

दादाचं तोंड उतरलं. बारकी आली, बडबडत होती, हा अमका बसतो तमकी बसते. दादा नुसता हूं हूं करत राहिला. जाताना मुलांची बसायची मोठी खोली लागली, तिथे लांब सोफा. दादाने तोही दाबला. बसायची जागा नवीकोरी. पुढची खालची पट्टी मात्र मळून चकचकीत झालेली, धागे निघालेले. दादा पुटपुटला, "बुटांनी लाथा मारतात. फुकटचं मिळालंय ना."

परतीच्या गाडीत त्याने वहिनीला सांगितलं. "ती खोटं बोलतेय. तिच्याकडे कुणी येत नाही."

"काहीतरीच काय. हसत होती पोरगी. आईला कळत नाही होय?"

"खुर्ची खोटं बोलत नाही."

"तुमच्या खुर्चीला काय कळतंय! मी तिचं तोंड बघितलं."

"तोंड तुला दाखवायला हसत होतं."

वहिनीने मांडीवरची पिशवी चाचपली. मग म्हणाली, "तिच्या पँटी मात्र मागून फार घासल्यात. दोन मला दिल्यात ठिगळ लावायला."

"बघ! दिवसभर त्या एका खुर्चीत बसून असते एकटी. अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

वहिनीच्या मनातही तेव्हा पाल चुकचुकली. हे ती नंतर रडत रडत बोलली, की मी तेव्हा पँटीचं बोलले नसते तर बरं झालं असतं.

दादाच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. आमच्या धाकट्या बहिणीकडे जाऊन म्हणाला, पोर तिथे चारशे माणसांत एकटी बसून खोट्या गर्दीच्या गोष्टी रचतेय, माझ्याने बघवत नाही. बहिणीने सांगितलं, अरे तिला विचार. तर म्हणाला, विचारून तिची लाज काढू? लपवतेय म्हणजे लाज वाटत असणार. तिला न दुखवता परत आणायची.

आणि आणायची कशी, तर वहिनीच्या डोळ्यांवरून. वहिनीला मोतीबिंदू येत होता, पण फार नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, घाई नाही, वर्षभराने काढू. दादाने बारकीला फोनवर सांगितलं, आईला सुईत दोरा दिसत नाही, काम बंद पडायला आलंय, वर्षभर घरी ये. वहिनी शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मला आंधळी केलीत की हो तुम्ही." पण तिने फोन परत लावला नाही. तिलाही पोरगी घरात हवी होती. एकट्या मशीनच्या आवाजाला ती कंटाळली होती.

बारकीने कॉलेजला लिहिलं. त्यांनी एक वर्ष जागा राखून ठेवतो म्हणून कळवलं. बारकी बॅग घेऊन आली आणि तिसरं वर्ष सुरू व्हायच्या दिवशी मशीनवर बसली.

कामाला पोरगी वाकडी नव्हती. कडा इतक्या सरळ शिवायची की दादा गिऱ्हाइकांना दाखवायचा. पण बोलणं कमी झालं. आधी विचारलं की उत्तर द्यायची, मग नुसती मान हलवायची. जेवण झालं की सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची आणि भिंतीकडे बघायची. वहिनी म्हणायची, पोरगी वाळतेय हो. दादा म्हणायचा, "बघ, तिथे एकटं राहून राहून बोलायचं विसरली. येईल हळूहळू माणसांत." आपलं ते खरं करायला त्याला काहीही चालायचं.

असे नऊ-दहा महिने गेले. मग एका रविवारी दुपारी शटर अर्धं खाली असताना बाहेर कालवा ऐकू आला. सात पोरं-पोरी. एक ताडमाड उंच मुलगा वाकून आत डोकावला. "काका, बारकी इथेच राहते ना? आम्ही कॉलेजातले. शेवटची परीक्षा संपली, आता सगळे पांगणार, म्हटलं तिला भेटल्याशिवाय कसं जायचं."

बारकी आतून धावत आली. अशी धावली की दाराच्या चौकटीला खांदा आपटला. कुणी तिच्या गळ्यात पडलं, कुणी केस ओढले. दादा बघतच राहिला. मग यजमान म्हणून पुढे झाला. सोफ्यावरची चादर झटक्यात काढली. "या या, बसा. ऐसपैस बसा, हा मी स्वतः केलेला आहे."

आणि ती सातही पोरं, काका थँक्यू म्हणून, खाली जमिनीवर बसली. सोफ्याला पाठी टेकून, पाय लांब करून, एकमेकांच्या अंगावर रेलून. बारकी त्यांच्या मधोमध.

"अरे वर बसा! वर! जमिनीवर काय!"

"असंच बरं वाटतं हो काका," उंच मुलगा म्हणाला. "हिच्या खोलीत आम्ही दोन वर्षं असेच बसलो. आठ-नऊ जण असायचो. ती एक धोंड्यासारखी खुर्ची होती पाहुण्यांची, तिला आधी बाहेर काढायचो, बोळात. तरच पाय मावायचे."

"आणि काका, तुमचं ते फोमचं कार्ड!" एक मुलगी म्हणाली. "आम्ही ते मागून घेतलं प्राचार्यबाईंकडून. वर्षभर हिच्या दारावर लावायचं ठरवलं होतं. तर हीच पळाली."

बारकी हसली. दहा महिन्यांनी. मोठ्याने, डोकं मागे टाकून.

दादा आत गेला. वहिनी चहा टाकत होती. तिच्या शेजारी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सोफ्याची पुढची पट्टी."

"काय?"

"मळलेली होती. पाठी टेकून मळलेली. मी लाथा म्हटलं."

वहिनीने गॅस बंद केला. तिला समजायला वेळ लागला नाही. कापडाचंच काम तिचं. जमिनीवर बसून घासलेल्या त्या पँटींना ठिगळं तिनेच लावली होती. दोघं तशीच उभी, आणि बाहेर पोरं खिदळतायत, नळवाला शेजारून विचारतोय काय रे आज लग्न आहे का.

संध्याकाळी पोरं गेली. बारकी लांबपर्यंत सोडायला गेली आणि परत आली ती पुन्हा तशीच, गप्प.

दुसऱ्या दिवशी दादा कोट घालून एकटा कॉलेजात गेला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, जागा आहे, या महिनाअखेरपर्यंत, पण पत्र मुलीने स्वतः लिहायला पाहिजे. म्हणजे अठरा दिवस. दादा परत आला आणि जेवताना म्हणाला, "बारके, तू कॉलेजात परत जा."

"आणि आईचे डोळे?"

दादा घास घेऊन बसला. असे चार दिवस गेले. रोज तो बोलायला तोंड उघडायचा आणि तोंडात खिळे घालायचा. शेवटी वहिनीच म्हणाली, "तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

मग दादा मागच्या खोलीत गेला. मशीन चालू होती. "बंद कर जरा," म्हणाला. "आईच्या डोळ्यांना एवढं काही नाही. नव्हतंच. मी वाढवून सांगितलं."

बारकीने मशीनवरचा हात काढला नाही. "का?"

"मला वाटलं तू तिथे एकटी आहेस. पाहुण्यांच्या खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं."

बारकी बापाकडे वळली. "तुम्ही खुर्ची बघितलीत."

"हो."

"मला विचारलं असतंत तर, बाबा?"

तिने आईकडे बघितलं. वहिनीने मान खाली घातली. मग बारकी उठली, टेबलाचा खण उघडला आणि पत्र लिहायला बसली. रडली नाही. रडली असती तर दादाला सोपं गेलं असतं.

ती गेली. पण ज्यांच्यासाठी जायचं ते सगळे पास होऊन निघून गेले होते. तिसऱ्या वर्षाची पोरं वेगळी, एकमेकांत मुरलेली. हे दादाला आधीच कळत होतं. ती पोरं म्हणालीच होती, आता पांगणार. शिवलेलं एकदा उसवलं की त्याच भोकांतून परत शिवता येत नाही, कापड फाटतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

रविवारचे फोन यायचे. आता गर्दीचं काही नसायचं. बरी आहे, अभ्यास आहे, ठेवते.

त्या वर्षीच्या पालकांच्या दिवसाला दादा एकटा गेला. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. सभागृहात थांबलाच नाही, सरळ खोलीवर. पूर्ण वेळ दोन्ही हात कोटाच्या खिशात. बारकी म्हणाली, थंडी वाजते का? नाही म्हणाला. मग म्हणाला, "एक विचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"इथे तुझ्याकडे कुणी येतं का?"

"नाही."

"का गं?"

"त्यांचं त्यांचं जमलेलं आहे, बाबा. मी मधेच आले. वाईट नाहीत कुणी, जेवताना बोलतात. पण येत नाही कुणी."

"हे माझ्यामुळे झालं."

बारकी खोटं बोलली नाही. "हो," म्हणाली. 

बाहेर पोरं कुणाला तरी हाका मारत जात होती.

"घरी येतेस?" दादाने विचारलं.

"नाही. आता पूर्ण करणार."

"बरं," दादा म्हणाला. बसस्टॉपवर तिने त्याचा कोट मागून झटकला, तेवढंच. घरी आल्यावर बहिणीला म्हणाला, "पोरीने मला खरं सांगितलं. मी विचारलं आणि तिने सांगितलं." आणि लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, एका शाळेच्या बाकांचं काम चालू असताना दादा दुकानात कोसळला. डॉक्टर यायच्या आत संपलं.

बारकी आली. सहा दिवस राहिली. लोक म्हणाले, आता आईजवळ राहा, शिक्षण काय, होईल नंतर. नळवाला चिडून म्हणाला, "तिचं तिला ठरवू द्या रे!" सातव्या दिवशी ती बॅग भरून उभी राहिली. वहिनीने स्वतः तिला गाडीत बसवली.

आता तिचा फोन रोज येतो, रविवारची वाट बघत नाही. आणि आहे तसं सांगते. आज कुणी आलं नाही. आज वही मागायला एकजण आली होती, वही घेऊन गेली. आज खूप आठवण आली बाबांची, आणि रागही आला. वहिनीच्या ओठांवर येतं, ये गं घरी. ती फोन छातीशी धरते, पुन्हा कानाला लावते, आणि विचारते, "उद्या काय काय आहे तुला?" मग बारकी सकाळपासून रात्रीपर्यंतचे तास एकेक करून सांगत बसते. वहिनीला त्यातलं अक्षर कळत नाही. शेवटच्या तासापर्यंत ऐकते.